व्ही६०च्या आतल्या वळणदार रेघा कशासाठी?

कॉफीवेडा: लोकहो, हारिओ कंपनीचा व्ही६० घेतलाय, म्हणजे कागद घालून कॉफी गाळायचा शंकू, आत वळत जाणाऱ्या उंच रेघा आणि खाली एकच मोठं भोक. हे नुसतं दिसायला आहे की काही काम करतं? माझी कॉफी दीड मिनिटात खाली उतरते आणि आंबट लागते.

निवांत: काम करतं हो! ओला कागद गुळगुळीत भिंतीला चिकटून बसतो मग हवेला बाहेर पडायला जागा नाही आणि पाणी तुंबतं, रेघांमुळे फट राहते. ६० म्हणजे शंकूचा ६० अंशांचा कोन. भोक मोठं, त्यामुळे वेग तुमचं दळण आणि ओतणं ठरवतं. बारीक दळून बघा.

टपोरेथेंब: कागदातून कॉफी गाळायची सुरुवात १९०८ची बरं का. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, का तर कपात गाळ नको! आणि पेटंटही घेतलं, मला हे फार भारी वाटतं. नवशिक्यांना मी कलिटा वेव्ह ही दुसरी गाळणी सांगेन, सपाट तळ, तीन बारीक भोकं, ओतताना हात चुकला तरी सांभाळून घेतो.

कॉफीवेडा: बारीक दळलं, तीन मिनिटं लागली, आंबटपणा गेला!! खूप आभार दोघांचे.