सात सीटर एसयूव्ही, इंदूर ते पुणे रात्रीचा प्रवास: सीट्स कशा लावाव्यात?

नारायणबाग
दिवाळीत इंदूरहून पुण्याला जायचं आहे. सेंधवा, धुळे, नाशिक असा साधारण ६०० किमीचा रस्ता. गाडी सात सीटर डिझेल. मधली रांग ६०:४०, मागेपुढे सरकते आणि पाठ कलते. तिसरी रांग ५०:५०, पाडली की सपाट होते. माणसं पाच: आम्ही दोघं आलटून पालटून चालवणार, आई (गुडघे आणि कंबर दुखते), मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. रात्री १० ला निघायचं, मागच्या दोन्ही रांगा पाडून गादी टाकायची आणि आई व मुलांना आडवं झोपू द्यायचं, असं डोक्यात आहे. गादी किती जाड घ्यावी? सीटच्या पाठी आणि डिकी यांच्यामधली पायरी कशी भरावी?

घाटवाट
गादीच्या आधी एक गोष्ट. चालत्या गाडीत गादी नकोच. त्यावर झोपलेल्या माणसाला बेल्ट लावता येत नाही, आणि जोरात ब्रेक लागला की तो थेट पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो. तुमच्या रस्त्यावर मानपूर, खलघाटच्या अलीकडचा गणेश घाट आणि सेंधव्यापुढचा बिजासन आहे. उतारावर माल भरलेल्या ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून तिथे अचानक ब्रेक मारावा लागणं नेहमीचंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी प्रमाणे बेल्ट नसेल तर १००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर त्याचाही तेवढाच. दंड भरता येईल हो, पण मुलांच्या बाबतीत ही जोखीम घेऊच नका.

बसल्या बसल्या चांगली झोप लागेल अशी मांडणी तुमच्या गाडीत होते. मुलीची चाइल्ड सीट मधल्या रांगेत ड्रायव्हरच्या मागे, आयसोफिक्सला (सीटच्या सांध्यातल्या, चाइल्ड सीट अडकवायच्या लोखंडी कड्यांना). ती बसवली की ती बाजू पुढे उलटत नाही, म्हणून तिसऱ्या रांगेची वाट डाव्या दाराने ठेवायची. आई डाव्या दाराशी, मधली जागा रिकामी. मुलगा तिसऱ्या रांगेत उजव्या अर्ध्यावर, आणि डावा अर्धा पाडलेला. त्यामुळे आईची सीट पार मागे सरकते आणि गुडघ्यांना जागा मिळते. मुलगा आधी आत, मग आईची सीट लावायची. उतरताना उलट.

आईच्या सीटची पाठ किती कलवायची याची साधी चाचणी: बेल्टचा वरचा पट्टा खांद्याला आणि छातीला टेकलेला राहिला पाहिजे. पट्टा अधांतरी झाला की पाठ जास्त पडली. तशा स्थितीत ब्रेक लागला तर शरीर बेल्टखालून पुढे घसरतं आणि खालचा पट्टा ओटीपोटात रुततो. ड्रायव्हरशेजारी झोपणाऱ्यालाही हाच नियम. डॅशबोर्डवर पाय ठेवायचे नाहीत, एअरबॅग तिथूनच उघडते.

आणि रात्री १० चं निघणं बदला. २ ते ५ या वेळात अंगाला झोप हवीच असते, दोन ड्रायव्हर असले तरी. पहाटे ४ ला निघालात तर तिन्ही घाट सकाळच्या आत किंवा सकाळीच संपतात आणि मुलं पहिले काही तास तशीही झोपून जातात.

कुशनकाम
आईंच्या सीटबद्दल. कंबरेला जाड उशी देऊ नका, सगळं अंग पुढे ढकललं जातं. आंघोळीचा टॉवेल गुंडाळून २ ते ३ इंच जाडीची वळकटी करा आणि कंबरेच्या खोलगट भागात, कपड्यांवर बांधतो त्या कमरपट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर ठेवा. तासाभराने थोडी वरखाली करायची. पाय लटकत असतील तर मांडीखाली कडेचा दाब बसतो आणि पायांना सूज येते. त्यासाठी ४-५ इंच उंचीचा टणक फोमचा ठोकळा पायाखाली द्या, लाकडी पाट नको. गळ्याची यू उशी बहुतेक जण उलटी घालतात. मागचा जाड भाग डोकं पुढे ढकलतो, मग मान खाली लटकते. जाड भाग हनुवटीखाली घ्या.

मुलाचा बेल्ट मानेवरून जात असेल तर बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागेलच. पट्टा काखेखालून घालायचा जुगाड अजिबात नको, त्याने बरगड्यांवर भार येतो.

गादी थांब्यावर वापरणार असाल तर माप असं घ्या. पुढच्या सीट्स पूर्ण पुढे, हेडरेस्ट काढलेले, दोन्ही रांगा पाडलेल्या. डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत टेप लावा, आणि रुंदी चाकांच्या फुगवट्यांमध्ये मोजा, दारापाशी नव्हे. सगळ्यांची फसगत इथेच होते. पायरी किती इंचांची आहे ते मोजून ईपीई शीटचे (पॅकिंगला वापरतात त्या फोमच्या शीटचे) थर एकमेकांवर चिकटवून भरा. त्यावर १२ मिमी प्लाय टाकला तर वजन पसरतं, नाहीतर थर एका जागी दबतात. वर २ इंच जाड, ४० डेन्सिटीचा फोम. स्वस्तातला हलका फोम दोन-तीन रात्रींत बसतो आणि बेल्टची बकल पाठीला टोचायला लागतात. गादी तीन तुकड्यांत, कापडी बिजागरीने जोडलेली करा. अखंड गादी धड आत जात नाही आणि घडी करून ठेवायलाही जागा उरत नाही. पाडलेल्या पाठी सहसा एका बाजूला चढत जातात, डोकं चढाच्या बाजूला.

हेडरेस्ट निघत नसेल तर दोन दांड्यांपैकी बटण असलेल्या दांडीचं बटण दाबून धरा. छत आडवं आलं तर आधी पाठ थोडी कलवा.

आणखी एक. समोरच्या सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर त्या बाजूला शिवण बंद असलेलं कव्हर घालू नका. कव्हरवाल्याला आधी हे सांगायचं.

तिसरी_रांग
सामान पाडलेल्या डाव्या अर्ध्यावर येईल. जड बॅगा सर्वांत खाली, शक्य तितक्या पुढे, वर काही रचायचं असेल तर खिडकीच्या रेषेखालीच. जाळी किंवा रॅचेट पट्टा (दांडी हलवून आवळायचा पट्टा) मजल्यावरच्या हुकांना लावा. आईच्या सीटमागे पाठ कलायला वीतभर जागा सोडायची विसरू नका, नाहीतर सगळी मांडणी वाया जाते. ड्रायव्हरच्या पायाशी, सीटखाली बाटली जाऊ देऊ नका. ती घरंगळून ब्रेकखाली अडकते.

तिसऱ्या रांगेत खड्डे जास्त जाणवतात, कारण ती मागच्या एक्सलवर असते. दाराच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. घाटात मुलाला मळमळ होत असेल तर मोबाइल बंद, नजर समोर, गार हवा थेट तोंडावर.

एसीचं रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत राहणं) सतत चालू ठेवू नका. बंद केबिनमध्ये पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं आणि चालकालाही पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा पाच-दहा मिनिटं घ्या.

नारायणबाग
पहाटे निघायचं ठरवलं. येताना मात्र धुळ्याच्या आसपास रात्र झाली तर पंपावर गाडी लावून दोन तास आडवं व्हायचं म्हणतो. तेव्हा एसी चालू ठेवला तर चालेल ना?

तिसरी_रांग
उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. पाइपला कुठे गळती असेल, किंवा मागे भिंत असेल, तर तो आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. इंजिन बंद, समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या, त्यांवर मच्छरदाणीचं कापड. उजेड आणि माणसं असलेल्या पंपावरच थांबा, आणि आधी तिथल्या माणसाला विचारा. निघताना सगळे हेडरेस्ट परत बसवून, गादी बांधूनच इंजिन सुरू करा.