साखरपुड्याला अ‍ॅक्वामरीनची अंगठी: षटकोनी कट घ्यावा का?

पेठेतला_अभि

मंडळी नमस्कार, जरा घाईत सल्ला हवाय. साखरपुडा मार्गशीर्षात ठरलाय आणि अंगठीचं घोडं अजून अडलेलंच. होणाऱ्या बायकोला हिरा नको, सॉलिटेअर तर अजिबातच नको, तिच्या बॅचच्या सगळ्या मुलींच्या बोटात म्हणे तेच आहे. २०१८ ला ब्रिटिश राजघराण्यातल्या मेगनने लग्नाच्या रिसेप्शनला सासूबाई डायनाची ती मोठी चौकोनी अ‍ॅक्वामरीनची अंगठी घातली होती, तेव्हापासून हिच्या डोक्यात फिकट निळा खडा बसलाय. तेवढा मोठा नकोय पण इन्स्टावर पाहिलेला षटकोनी हवाय, नाहीतर तो पतंगासारखा असतो ना, काइट कट, तो चालेल म्हणते. गोल आणि ओव्हल म्हटलं की तोंड वाकडं.

लक्ष्मी रोडला फिरलो. एकाकडे फक्त ओव्हल होते, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवले आणि म्हणाला अ‍ॅडव्हान्स द्या, आठ दिवसात मागवतो. फोटोत खडा मस्त निळाशार दिसतोय पण मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. बजेट सोन्यासकट लाखाच्या आत. ती डेंटिस्ट आहे, दिवसभर ग्लोव्ह्ज घालायचे-काढायचे, त्यामुळे अंगठी रोज घालता येईल का हाही प्रश्नच आहे. शिवाय आईने वेगळाच धोशा लावलाय, निळा खडा म्हणजे शनीचा, लाभला नाही तर काय करणार. कोणी असा खडा घेतलाय का? षटकोनी घ्यावा की सरळ तो डायनावाला लांबट चौकोनी, एमरल्ड कट?

झवेरी_गल्ली

मी रंगीत खड्यांच्याच धंद्यात आहे, इथे काही विकायला आलेलो नाही म्हणून मोकळं सांगतो. फोटोवर अ‍ॅडव्हान्स देऊ नको. अ‍ॅक्वामरीन मुळात फिकट असतो आणि फोटोत त्याला निळा करायला काहीच लागत नाही.

रोज घालायला चालतो. हा पाचूचा सख्खा भाऊ आहे, दोघंही बेरिल. पाचूला हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो, याला निळा लोहामुळे. कठीणपणा साडेसात ते आठ, हिरा दहा धरला तर. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात ते सातचे, म्हणजे नुसत्या धुळीने याला ओरखडे पडत नाहीत. पाचूत जशा चिरा आणि जाळं असतं तसं याच्यात नसतं, चांगला अ‍ॅक्वामरीन डोळ्यांना स्वच्छच दिसला पाहिजे. आणि तुला हवेत तसे सरळ रेषांचे कट, ज्यात पैलू पायऱ्यांसारखे असतात, त्यात तर आतला बारीकसा डागही लगेच दिसतो. गोल कटात चमचमाटात लपून जातं, इथे लपायला जागा नाही.

आता षटकोनाचं ऐक, कारण इथेच लोक फसतात. बेरिलचा कच्चा दगड जमिनीतून निघतो तोच सहा बाजूंच्या लांब पेन्सिलीसारखा. मग वाटतं की पेन्सिलीची आडवी चकती कापली की झाला षटकोनी खडा तयार. पण या दगडाचा रंग दोन बाजूंनी दोन तऱ्हांचा असतो. टोकाकडून आत बघितलं तर जवळजवळ पाणी, आणि कुशीकडून बघितलं तर खरा निळा. म्हणून शहाणा कारागीर वरचा सपाट पैलू पेन्सिलीच्या लांबीच्या बाजूवर पाडतो. एमरल्ड कट या दगडाला इतका का शोभतो त्याचं कारणही तेच, लांब दगड, लांब खडा, रंग पूर्ण आणि माल वाया कमी. षटकोनही त्याच दिशेने काढता येतो पण त्यात माल जास्त जातो, म्हणून स्वस्तातले बरेच षटकोनी खडे पांढुरके असतात.

दुसरी भानगड खालच्या उताराची. हिऱ्याला थोडा चपटा कापला तरी तो प्रकाश परत फेकतो, बेरिलमध्ये तेवढा दम नाही. खालच्या पैलूंचा उतार साधारण ४० अंशांच्या खाली गेला की प्रकाश मागून निघून जातो आणि खड्याच्या मधोमध काचेसारखी भोकं पडल्यागत दिसतं, आम्ही त्याला विंडो म्हणतो. तपासायचं कसं, तर खडा छापील पेपरवर पालथा नाही, सपाट बाजू वर करून ठेवायचा आणि वरून बघायचं. अक्षरं आरामात वाचता आली तर तो खडा सोड. हे सगळं दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात करायचं, आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळेच खडे गोजिरे दिसतात.

बाकी षटकोनाची फॅशन नवी नाही बरं का. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की बेरिल भारतात मिळतात, इतरत्र क्वचितच, आणि कारागीर ते सहा बाजूंचेच करतात कारण तसं केल्याशिवाय रंग खुलत नाही. तामिळनाडूत कांगेयमजवळ पडियूरला त्या काळच्या बेरिलच्या खाणी होत्या. म्हणजे तुझी बायको इन्स्टा म्हणते ते दोन हजार वर्षांचं जुनं आहे 😄

सई_धरमपेठ

मी काइट घालते, म्हणून लिहिते. दिसायला फार सुंदर, बोट लांबसडक दिसतं, सगळे विचारतात कुठून घेतली. पण त्याची खालची अणी हा शुद्ध वैताग आहे. माझ्या अंगठीला सोनाराने चार प्रॉंग, म्हणजे खडा धरणाऱ्या नख्या, बाजूंना लावले आणि टोक मोकळंच सोडलं, दिसायला नाजूक दिसतं म्हणून. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर हात आपटला आणि टोकाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला. दुकानात नेली तर म्हणे मॅडम वापरामुळे होतं, आम्ही काय करणार. शेवटी दुसरीकडून खडा परत घासून घेतला, अर्थात तो लहान झाला, आणि आता टोकावर व्ही आकाराचा प्रॉंग बसवलाय, तो टोपीसारखा अणी झाकतो. तेव्हा काइटच घेणार असशील तर व्ही प्रॉंगशिवाय घेऊच नको. षटकोनाचे कोन बोथट असतात, त्याला एवढी भीती नाही.

ग्लोव्ह्जचं म्हणशील तर मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, मला चांगलंच माहितीये. प्रॉंग नायट्राइलमध्ये अडकतात आणि ग्लोव्ह फाटतो, एकदा नाही, रोज. तिच्यासाठी बेझल करून घे, म्हणजे खड्याला चहूबाजूंनी सोन्याची पट्टी, आपल्या कोंदणासारखी. आणि खडा बोटापासून उंच नको, कॅथीड्रल की काय म्हणतात तसलं उंच प्रकरण तर नकोच. खरं सांगू का, क्लिनिकमध्ये ती काढूनच ठेवेल, तेव्हा सोबत एक बारीक चेन घेऊन दे गळ्यात अडकवायला.

वैजयंतीमावशी

अरे अभि, आईला सांग हा नीलम नव्हे. नीलम म्हणजे कोरंडम, माणकाच्या घरातला. हा पाचूच्या घरातला, वर झवेरींनी सांगितलंच आहे, आणि नवरत्नांत तर याचं नावच नाही. हिंदीवाले याला बेरुज म्हणतात. फक्त पाचूचं नातं सांगताना जरा जपून, नाहीतर म्हणेल मग बुधाचा का, पत्रिका आणा 😂 माझ्या सासूबाईंना मी खडा दाखवून एवढंच म्हटलं होतं की बघा किती फिकट आहे, शनीला असला रंग चालेल का. त्यावर त्या हसल्या आणि विषय संपला.

आणि हे आधी विचारून घे की तुझी अंगठी कोण करतंय. तिकडचे तुला साधं वेढं घालणार आणि तू तिला लाखाची, तर बैठकीत कुजबूज होते रे.

रोकडा_सवाल

एवढी डोकेफोड कशाला, ब्लू टोपाझ घ्या. रंग जास्त गडद, किंमत चौथाई, आणि साखरपुड्याला आलेल्या दोनशे माणसांतल्या कुणाला फरक कळणार आहे?

झवेरी_गल्ली

@रोकडा_सवाल टोपाझ वाईट नाही, फक्त तो टोपाझ म्हणूनच घ्यावा. बाजारातला जवळपास सगळा ब्लू टोपाझ रंगहीन दगडावर किरणांचा मारा करून आणि तापवून निळा केलेला असतो. कठीणपणा आठ आहे पण एका विशिष्ट दिशेने फटका बसला की सरळ दुभंगतो, रोजच्या अंगठीत मला तो आवडत नाही.

@अभि ओळखायचं म्हणशील तर टोपाझ हातात जड लागतो, त्याची घनता साडेतीन, अ‍ॅक्वामरीनची २.७ च्या आसपास. याच कारणाने एक कॅरेटचा अ‍ॅक्वामरीन एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा आकाराने मोठा दिसतो, म्हणजे मिलिमीटर विचार, नुसते कॅरेट नको. कृत्रिम स्पिनेल आणि काचही अ‍ॅक्वामरीन म्हणून खपवतात. घरगुती युक्त्यांवर जाऊ नको, लॅबचं सर्टिफिकेट माग, मुंबईत जीआयए, आयजीआय, जीआयआय आहेत, जयपूरलाही लॅब आहे. तापवलेला आहे का असं विचारत बसू नको, हिरवट झाक घालवायला बहुतेक अ‍ॅक्वामरीन तापवतातच, तो रंग कायमचा असतो आणि तापवलंय की नाही हे लॅबलाही सहसा सांगता येत नाही. मात्र एकदम गडद निळा आणि स्वस्त असा बेरिल कोणी दाखवला तर सावध. माशीशे (Maxixe) नावाचा प्रकार असतो, किरणांनी तसा निळा करतात आणि उन्हात त्याचा रंग उडतो.

पेठेतला_अभि

सगळ्यांचे आभार, शनिवारी मुंबईला जाऊन आलो. दोन खडे बघितले. एक षटकोनी ८ मिमी, एकदम स्वच्छ पण फिकट. झवेरी दादांनी सांगितलेली पेपरची टेस्ट केली, तर मधोमध क्रीडा पानावरचा मथळा लख्ख वाचता आला, दुकानदार म्हणाला आजकाल असंच कापतात. दुसरा एमरल्ड कट ९ बाय ७, रंग मस्त, दारात नेल्यावरही निळा राहिला, पेपरवर ठेवला तर अक्षरं तुटक तुटक दिसत होती, वाचता येत नव्हती. फक्त कडेला एक पांढरी बारीक रेघ आहे. तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर रंग आवडला पण म्हणते आकार आजीच्या अंगठीसारखा वाटतो. आता काय करू? आणि सोनं पिवळं की व्हाइट? ती पिवळं म्हणतेय.

झवेरी_गल्ली

षटकोनी सोडलास ते बरं केलंस, "आजकाल असंच कापतात" याचा अर्थ वजन वाचवायला चपटं ठेवतात. एमरल्ड कटमधली रेघ कडेपर्यंत पोचत असेल तर तोही नको, बेझलची पट्टी दाबताना तिथेच जोर येतो.

तुमच्या दोघांच्या भांडणावर माझा तोडगा म्हणजे लांबट षटकोन. दोन बाजू लांब, दोन्ही टोकांना बोथट कोन, वर पायऱ्यांचे पैलू. दगडाच्या लांबीला धरून कापला जातो म्हणून रंग टिकतो, आणि आजीची अंगठीही वाटत नाही. तयार मिळाला तर ठीक, नाहीतर जयपूरला कच्च्या दगडातून कापून देणारे आहेत, फक्त त्याला वेळ लागतो, मार्गशीर्ष गाठायचा तर याच आठवड्यात बोल.

पिवळं सोनं घे, हरकत नाही, पण खड्याभोवतीची वाटी आतून व्हाइट गोल्डची करून घे. पिवळ्या वाटीची झाक फिकट खड्यात उतरते आणि निळा हिरवट दिसतो. १८ कॅरेट घे, २२ मऊ असतं, खडा धरून ठेवायला उपयोगाचं नाही. वाटी मागून उघडी हवी, बंद असेल तर साबण आणि तेल आत साचून खडा मेल्यासारखा दिसतो, शिवाय मागे चकाकता कागद लावलाय का तेही कळत नाही. बिलावर नॅचरल अ‍ॅक्वामरीन असं लिहून घे, खड्याचं वजन वेगळं, सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, नाहीतर खडा सोन्याच्या भावाने घरी येतो. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघ.

सई_धरमपेठ

लांबट षटकोन भारी दिसेल! अभि, दोन गोष्टी विसरू नको. बोटाचं माप संध्याकाळी घे, सकाळी बोटं बारीक असतात, आणि बेझलची अंगठी नंतर मोठी करायला सोनार कुरकुरतात. दुसरं म्हणजे डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये ती अवजारं धुवायची अल्ट्रासॉनिक मशीन असते, त्यात टाकायचा मोह होईल, मला झाला होता 🙈 आत बारीक चीर असेल तर ती वाढू शकते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ टूथब्रश, मागच्या बाजूनेही घासायचं.

पेठेतला_अभि

क्लिनिकमधल्या मशीनचं तिने आधीच विचारलं होतं 😅 जयपूरवाल्याला फोन झालाय, ९ बाय ७ च्या आसपास लांबट षटकोन, कापायच्या आधी कच्च्या दगडाचा उन्हातला व्हिडिओ पाठवतो म्हणालाय. आईला मावशींचं शनीवालं वाक्य ऐकवलं, त्यावर ती म्हणाली गुरुजींना विचारून सांगते.