पाचशेची नोट गल्ल्यात टाकण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

पेठेतला_फराळवाला

नमस्कार. सदाशिव पेठेत आमचे फराळाचे लहानसे दुकान आहे. गेल्या सोमवारी आठवड्याचा भरणा करायला बँकेत गेलो असता रोखपालबाईंनी बंडलातून पाचशेची एक नोट बाजूला काढली, यंत्रातून दोनदा फिरवली आणि ती बनावट असल्याचे सांगून माझ्यासमोरच तिच्यावर शिक्का मारला. मी नोट परत मागितली, तेव्हा ती देता येत नाही असे सांगून त्यांची व माझी सही असलेली एक पावती माझ्या हाती ठेवली. खात्यात पाचशे रुपये कमी जमा झाले.

पैसे गेल्याचे वाईट वाटलेच (चकलीच्या किती पुड्या बांधल्यावर निव्वळ पाचशे रुपये सुटतात, हे धंदा करणाऱ्यालाच ठाऊक), पण अधिक लागले ते वेगळेच. मी प्रत्येक मोठी नोट उजेडाकडे धरून गांधीजींचे जलचिन्ह पाहतो, आणि या नोटेतही ते दिसत होते. मग मी इतकी वर्षे पाहत होतो ते काय?

संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत दुकानासमोर रांग असते, त्यामुळे एका नोटेला तीन-चार सेकंदांपलीकडे वेळ देता येत नाही, आणि नोट उलटसुलट करून पाहिली की जुने गिऱ्हाईकही दुखावते. एवढ्या वेळात खात्रीने काय तपासता येईल? शिवाय या एका नोटेमुळे पोलीस चौकशीला येतील का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

निवृत्त_रोखपाल

तुमची चूक झाली ती जलचिन्ह पाहण्यात नव्हे, तर फक्त तेवढेच पाहण्यात. बनावट नोटा करणाऱ्यालाही हे माहीत असते की सर्वसामान्य माणूस नोट दिव्यासमोर धरतो, म्हणून तो सर्वांत आधी त्याचीच सोय करतो. खरे जलचिन्ह कागद तयार होतानाच त्याच्या कमीअधिक जाडीतून उमटते. त्यामुळे चेहऱ्यावर उजेड आणि सावलीच्या छटा हळूहळू बदलत जातात आणि चेहऱ्याशेजारी ५०० हा आकडाही उजळ दिसतो. बनावट नोटेवर बहुधा फिकट शाईचा किंवा तेलकट द्रवाचा ठसा मारलेला असतो. तो सपाट दिसतो, आणि कित्येकदा नोट उजेडाकडे न धरताही टेबलावर पडल्या पडल्या नजरेस येतो. जलचिन्ह असे आपण होऊन दिसू लागले, तर तीच शंका घेण्याची जागा समजावी.

काउंटरवर बसणारा जुना माणूस नोट आधी चाचपतो आणि मग पाहतो. नोट घेताना उजवा अंगठा आपोआप नोटेच्या उजव्या कडेवर येतो, तो तसाच किंचित फिरवून पाहा. पाचशेच्या नोटेवर तेथे पाच तिरक्या रेषा उठावदार छापलेल्या असतात. तशाच पाच डाव्या कडेलाही असतात. गांधीजींचे चित्र आणि अशोकस्तंभही बोटाला लागतात. रंगीत प्रिंटरवर काढलेल्या नोटेत या रेषा डोळ्यांना दिसतात, पण अंगठा मात्र गुळगुळीत कागदावरून घसरत जातो.

दुसरी गोष्ट, नोट गल्ल्याकडे नेताना मनगट थोडे वळवा. खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह छापलेला ५०० हा आकडा सरळ धरल्यास हिरवा आणि कलता केल्यास निळा दिसतो, आणि मधला सुरक्षा धागाही तसाच रंग बदलतो. हे साध्या छपाईला जमत नाही. काही बनावट नोटांवर धाग्याच्या जागी चकचकीत हिरवी पट्टी चिकटवलेली असते; ती चमकते खरी, पण निळी होत नाही. खरा धागा समोरच्या बाजूने तुटक तुटक दिसतो, आणि नोट उजेडाकडे धरली की सलग रेघ होतो. अंगठा आणि मनगट, एवढ्यात तुमचे तीन सेकंद संपतात आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

रात्री गल्ला मोजताना वेळ असतो, तेव्हा क्रमांकाकडे पाहावे. नव्या नोटांच्या क्रमांकातील पहिली तीन अक्षरे व अंक एकाच आकाराचे असतात आणि त्यापुढील अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. एकच क्रमांक दोन नोटांवर सापडला आणि क्रमांकपट्टीतले छोटे अक्षर, छपाईचे वर्ष व गव्हर्नरांची सहीही तीच असली, तर निदान एक तरी बनावट आहे असे समजावे. पाठीमागच्या भाषापट्टीतील मराठी ओळ वाचण्याचीही सवय लावून घ्यावी, कारण अक्षरांची छपाई कोठे फुटली आहे, हे आपल्या भाषेत आपल्याला जितके चटकन कळते तितके इतर लिपींत कळत नाही.

एक विचारतो, तुमच्या गल्ल्यावर दिवा कोणता आहे?

गुलटेकडीचा_गाळेवाला

आम्ही मार्केट यार्डात जांभळ्या प्रकाशाचा लहान दिवा ठेवतो. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून केलेला असल्यामुळे तो या दिव्याखाली मंदच राहतो, तर छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदात मिसळलेल्या उजळकामुळे तो कागद निळसर पांढरा चमकतो. खऱ्या नोटेवर क्रमांक आणि बारीक रंगीत तंतू तेवढे उठून दिसतात.

मात्र या दिव्यावर डोळे झाकून विसंबू नये, हे आम्ही एकदा स्वतःची शोभा करून घेऊन शिकलो. एका हमालाने दिलेली नोट दिव्याखाली ट्यूबलाइटसारखी उजळली आणि आमच्या मुलाने चार माणसांत तिला खोटी ठरवले. हमालाचे म्हणणे होते की ती सदऱ्याच्या खिशात राहून धुण्यात गेली होती. रेषा चाचपल्या, धागा कलता करून पाहिला, सर्व काही ठीक होते. पुढे बँकेनेही ती नोट विनातक्रार घेतली. कपडे धुण्याच्या पावडरीतही तसलेच उजळक असते आणि ते नोटेला लागले होते. त्या माणसाची क्षमा मागावी लागली.

सिंहगड_रस्ता_७०

आमच्या सोसायटीच्या गटावर असा संदेश आला आहे की क्रमांकात चांदणीचे चिन्ह असलेली पाचशेची नोट बनावट असते, आणि हिरवा धागा गांधीजींच्या जवळ असेल तर ती नोट घेऊ नये. हे तपासणे तर अधिक सोपे आहे.

निवृत्त_रोखपाल

सोपे आहे, पण दोन्ही चूक आहे. छपाईत शंभर नोटांच्या पाकिटातील एखादी नोट सदोष निघाली, तर तिच्या जागी चांदणीची नोट घालतात. पाचशेच्या अशा नोटा २०१६ च्या डिसेंबरपासून चलनात आहेत आणि रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या जुलैमध्ये त्याविषयी जाहीर खुलासाही केलेला आहे. धागा किंचित अलीकडे-पलीकडे असला, तरी त्यावरून नोट खोटी ठरत नाही. असले संदेश पुढे पाठवल्यामुळे खऱ्या नोटा नाकारल्या जातात आणि भांडणे होतात.

स्पर्शवाचक

मला दिसत नाही, त्यामुळे या चर्चेत माझे दोन शब्द. आपण ज्या रेषांना खुणा म्हणत आहात, त्या मुळात आमच्यासाठी आहेत: शंभरच्या नोटेवर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. पीएमपीच्या बसमध्ये वाहकाला पैसे देताना मी खिशातच अंगठ्याने त्या मोजतो. पुष्कळ वापरलेल्या नोटेचा उठाव झिजून गेलेला असतो, म्हणून केवळ बोटाला लागले नाही एवढ्यावरून मळक्या नोटेला खोटे ठरवू नये. नोट नवी कोरी दिसत असून गुळगुळीत असेल, तर मात्र थांबावे. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोबाइल ॲप नोट किती रुपयांची आहे एवढेच बोलून सांगते. ती खरी की खोटी हे ते सांगत नाही. काही दुकानदारांचा तसा गैरसमज झालेला मी पाहिला आहे.

वकिली_चष्मा

पोलिसांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्या, तर बँक त्या महिनाअखेरीस एकत्रित अहवालासोबत पोलिसांकडे पाठवते. पाच किंवा त्यांहून अधिक आढळल्यास लगेच पोलिसांकडे देऊन गुन्हा नोंदवण्याची कार्यवाही करते. तुमची एकच नोट होती आणि पावतीही मिळालेली आहे, ती जपून ठेवा. बँकेने नोट परत केली नाही हे योग्यच केले. तशी ती परत करण्यास तिला मनाईच आहे. भरपाई मात्र मिळत नाही.

घरातील कोणी ‘मंडईत गर्दीत खपवून टाक’ असे सुचवले, तर त्यांना वेळीच थांबवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ नुसार, नोट बनावट असल्याचे माहीत असताना ती खरी म्हणून चालवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. चालवण्याच्या हेतूने ती जवळ बाळगणे हा कलम १८० खाली वेगळा गुन्हा आहे. नोट तुमच्याकडे नकळत आली हा बचाव खोटी असल्याचे कळण्याच्या क्षणापर्यंतच टिकतो.

पेठेतला_फराळवाला

सर्वांचे मनापासून आभार. मंडईचा सल्ला मेहुण्यांनी खरोखरच दिला होता, हे वकीलसाहेबांनी कसे ओळखले कोण जाणे.

रोखपालसाहेब, गल्ल्यावर वडिलांच्या काळापासूनचा पिवळा दिवा होता आणि त्याच्या उजेडात हिरवा कोणता व निळा कोणता हे मलाही सांगता येईना. काल पांढरी ट्यूब लावून घेतली आणि काउंटरच्या काचेखाली पाचशेची एक खात्रीची नोट ताडून पाहण्यासाठी ठेवली आहे. रात्री गल्ल्यातल्या बावीस नोटा अंगठ्याने तपासल्या. दोन मळक्या नोटांपाशी अडखळलो, पण धागा निळा झाला. शंका आलीच, तर ‘ही नोट बँक घेईल असे वाटत नाही, दुसरी देता का, नाहीतर स्कॅन करा’ एवढेच म्हणायचे असे सौ.ने ठरवून दिले आहे.