पुरात गेलेलं लाकूडसामान: तुमच्याकडचं काय गेलं?

वाशिष्ठीची_सून
काल लेकीने जुन्या फोटोतला झोपाळा बघून विचारलं, "आई, हा कुठाय?" म्हटलं, वाशिष्ठीने नेला. तिला वाटलं, वाशिष्ठी ही कोणीतरी मावशीच.

चिपळूण, २२ जुलै २०२१. उठतोय तोवर पाणी ओटीच्या पायरीला. गाद्या, डबे, मिक्सर माडीवर न्यायची धावपळ. झोपाळ्याकडे कुणी बघितलंच नाही, तुळईला चार साखळ्यांनी टांगलेला तो कुठे जाणार! फणसाची अखंड फळी, आजेसासूबाईंच्या वेळची. उचलायला दोन माणसं लागायची. खाली उतरलो तर चारी साखळ्या जागच्या जागी लोंबतायत आणि फळी नाही. पाण्याने फळी वर उचलली, साखळ्या सैल पडल्या, आकडे सुटले. सासरे वर्षभर म्हणत होते, आकडे तारेने आवळायला हवे होते.
साखळ्या अजून तशाच आहेत. तुम्ही पण लिहा.

खेर्डीकर
आमचाही तोच दिवस. फर्निचर सोडा, चिखल काढता काढता कंबर गेली. नंतर सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ
सांगली २०१९. आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी. आईचा शिसवी दिवाण आठवडाभर पाण्यात. पाणी उतरल्यावर धडधाकट दिसत होता म्हणून अंगणात उन्हात ठेवला, तिथंच चुकलं. तिसऱ्या दिवशी फाडकन आवाज झाला, पाठीची फळी उभी तडकली. सांधे तर आधीच सुटलेले, जुन्या कामात सरस असतो, तो पाण्यात विरघळतो. सुतारमामा म्हणाले, सावलीत, वाऱ्यावर महिनाभर ठेवायचा होता. आई काही बोलली नाही. फळ्यांचे दोन पाट करून घेतले तिनं.

टिंग्या
२६ जुलै २००५, कुर्ला, तळमजला. सोफा कम बेड, सात हप्ते बाकी. सोफा गेला, हप्ते राहिले. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्या दिवशी. मी फोर्टहून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर बायकोचं पहिलं वाक्य, "सोफ्यावर बसू नका हं, ओला आहे."

कैरीचं_लोणचं
@टिंग्या 😂😂 हप्त्यांना पोहता येतं

निवांत_दुपार
माझं नाही, आजीचं. पानशेत, १२ जुलै १९६१. नारायण पेठेतला वाडा. धरण फुटलं म्हणून ओरडा झाला तेव्हा कणीक मळत होती, परातीसकट पर्वतीकडे निघाली. सागवानी देव्हारा राहिला, तो गेलाच. कुणी विचारलं की म्हणायची, "देव आपलं बघून घेतील म्हटलं, पोरांना पोळ्या लागतील."

कैरीचं_लोणचं
आजी 🙏 आमच्या घरी अजून "पानशेतच्या आधी की नंतर" असंच विचारतात. आत्याचं वयसुद्धा तसंच मोजतात.

शालू_वाली
प्लायवूडचं कपाट होतं, फुगून दार उघडेना. आत लग्नाचा शालू. शेवटी नवऱ्याने कोयत्याने फोडलं (कपाट). शालू वाचला पण चिखलाचा वास काही जात नाही. उपाय सांगा ना

कृष्णाकाठ
रिठ्याचं पाणी.

निवांत_दुपार
जरीला पाणी नको गं!! आधी ड्रायक्लीनवाल्याला दाखव

खेर्डीकर
सविस्तर लिहायचं राहिलंच. दुकानात आलोय, गिऱ्हाईक आहे.

वाशिष्ठीची_सून
सगळं वाचतेय, फोडणी करपली. @कृष्णाकाठ ते पाट वापरता का? आमच्याकडे दोनेक महिन्यांनी नणंदेने फोटो पाठवला, गोवळकोटकडे कुणाच्या तरी कुंपणात फणसाची फळी अडकलीय म्हणून. सासरे रिक्षा करून बघून आले. आमची नव्हती, कड्यांची भोकं वेगळी. तरी अर्धा तास तिच्यावरच बसून आले.

कृष्णाकाठ
हो, दिवाळीला. एक डुगडुगतो, त्यावर मी बसतो.

शालू_वाली
ड्रायक्लीनवाला साडेसहाशे सांगतोय 😐