रुतून बसलेले व्हिडिओ गेम : आठवणी नकोत, तपशील द्या

आवडता गेम कोणता असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. ग्राफिक्स भारी, म्युझिक भारी, लहानपण आठवलं. या धाग्यावर ते नको. एखादा गेम वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही तो त्यातल्या एखाद्या नियमामुळे, एखाद्या अडणाऱ्या जागेमुळे. ती जागा कोणती, लोक तिथे कशाने मरतात आणि ती सुटते कशी, एवढंच लिहा. कथानक फुटणार असेल तर आधी सांगा.

सुरुवात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’पासून करतो. १९८९चा मूळ गेम, जॉर्डन मेकनरने ॲपल टूसाठी केलेला. आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला तो डॉसवर. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं. मेलात तर लेव्हलच्या सुरुवातीला परत, पण घड्याळ मागे जात नाही.

सगळा खेळ शिफ्टच्या बटणावर आहे. शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र जपून एक पाऊल टाकतो आणि कडेला पोचला की थबकतो. जमिनीतून उसळणारे सुळे धावणाऱ्याला मारतात. जपून चालणारा त्यांच्यामधून खुशाल जातो. उडीत शिफ्ट धरून ठेवलं तर पलीकडची कड हाताला लागते. एक मजला पडल्यास काही होत नाही, दोन मजल्यांना जीवाचा एक त्रिकोण जातो, तीन मजले म्हणजे खलास. सैल फरशी ओळखायची असेल तर जागच्या जागी उंच उडी मारा, त्या रांगेतल्या सैल फरश्या खडखडतात.

आता सावली. (इथून पुढे गेम फुटतो.) चौथ्या लेव्हलला बाहेरचं दार उघडलं की परतीच्या वाटेवर आरसा उभा राहतो. तो चालून ओलांडता येत नाही, लांबून धावत येऊन उडीच घ्यावी लागते. आरशातून तुमची सावली दुसऱ्या बाजूला पळते आणि तुमच्याकडे एकच त्रिकोण उरतो. पाचव्यात ती तुमच्या डोळ्यांदेखत बाटली पिऊन जाते, सहाव्यात फाटक बंद करून तुम्हाला खाली पाडते. बाराव्यात ती तलवार घेऊन समोर येते, आणि तिला बसलेला प्रत्येक घाव तुमचाच त्रिकोण खातो. इथे भले भले अडकतात, कारण तोवर समोर कुणी दिसलं की तलवार काढायची हे हातात मुरलेलं असतं. खालचा बाण दाबून तलवार म्यान करा, सावलीही करते. मग सरळ तिच्या अंगावर धावत जा, दोघं एक होतात. पुढे फरशी संपलेली दिसते तिथे थांबू नका. पळत राहिलात तर पायाखाली फरशी उमटत जाते.

एवढं सुचलं कशातून, तर मेमरीच्या टंचाईतून. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून त्याच्यावरच एक्सऑर केलं (दोन चित्रांत जिथे फरक तेवढेच ठिपके उजळवणारी क्रिया). त्यातून निघालेली चमचमती आकृती म्हणजे ही सावली.

* * *

टेट्रिस. वरून पडणारे तुकडे रचून आडव्या ओळी भरायच्या, भरलेली ओळ नाहीशी होते. अलेक्सेई पाजित्नोव, मॉस्को, १९८४. पण लिहितोय ते निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या टीव्ही-गेम यंत्रावरच्या आवृत्तीबद्दल, कारण तिच्याइतका कंजूष टेट्रिस दुसरा नाही.

गुणांचा हिशेब आधी. एक ओळ ४०, दोन १००, तीन ३००, चार एकदम १२००; हे सगळं लेव्हल अधिक एकने गुणायचं. म्हणजे चार ओळी सुट्या सुट्या काढल्या तर १६०, एका झटक्यात काढल्या तर साडेसातपट. म्हणून जाणते लोक नऊ रकाने भरत जातात आणि एक काठाचा रकाना लांब दांड्यासाठी मोकळा सोडतात. नवखा माणूस घाबरून एकेक ओळ काढत बसतो. जगतो बराच वेळ, पण गुण काही वाढत नाहीत.

आता लेव्हल २९. इथे तुकडा एका फ्रेमला (पडद्यावर बदलणारं एकेक चित्र) एक ओळ खाली येतो. पट २० ओळींचा, सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे रिकाम्या पटावरसुद्धा हातात सेकंदाचा तिसरा हिस्सा. बटण दाबून धरलं तर पहिल्या सरकण्यानंतर १६ फ्रेम थांबून तुकडा पुन्हा सरकतो, नंतर दर ६ फ्रेमला एक घर. मधून काठापर्यंत चार-पाच घरं. ती विलंबाची १६ फ्रेम आधीच भरून ठेवली तरी २४ ते ३० फ्रेम लागणार. हिशेबच बसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं २९ हाच शेवट मानला गेला. मग लोक बटण दाबून धरण्याऐवजी थरथरत्या अंगठ्याने सेकंदाला दहाहून जास्त वेळा टोकू लागले. त्यानंतर ‘रोलिंग’ आलं: अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर उरलेली बोटं तबल्यासारखी एकामागून एक मारायची. बटण बोटाकडे येतं, बोट बटणाकडे जात नाही. याच पद्धतीने डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा लेव्हल १५७पर्यंत पोचला आणि गेमच गोठला. माणसाने हरवला तो असा.

* * *

वरच्यात एक भर. जुन्या टेट्रिसमध्ये दांडा येत नाही ही तक्रार खोटी नाही. तिथे दर वेळी नव्याने चिठ्ठी निघते; आधीचाच तुकडा आला तर फक्त एकदा फेरनिवड होते, बाकी नशीब. आताच्या बहुतेक आवृत्त्यांत सात तुकडे पिशवीत घालून ढवळतात आणि पिशवी संपल्यावरच नवी भरतात. दोन दांड्यांमध्ये जास्तीत जास्त १२ तुकडे येऊ शकतात, तेरावा नाहीच. त्यामुळे नव्यावर सराव करून जुन्याकडे गेलात तर दांड्याची वाट बघत उगाच मराल.

* * *

एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९), गाव उभारून लढायचा गेम. लढाईबद्दल सगळेच बोलतात. पण हा गेम रुततो तो पहिल्या दहा मिनिटांत, आणि ती दहा मिनिटं निव्वळ वाण्याच्या हिशेबाची असतात.

सुरुवातीला ३ गावकरी आणि १ घोडेस्वार, म्हणजे लोकसंख्या ४. टाउन सेंटरची (गावाची मुख्य इमारत, गावकरी इथूनच निघतात) सोय ५ जणांची. गावकऱ्याला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. हातात २०० अन्न, म्हणजे चार गावकऱ्यांची बेगमी. पण एक झाला की जागा संपते. म्हणून पहिल्याच सेकंदाला गावकरी रांगेत लावायचे आणि असलेल्यांना घर बांधायला लावायचं. घर उशिरा झालं की टाउन सेंटर रिकामं बसतं, आणि दोन मिनिटं रिकामं म्हणजे पाच गावकरी कमी. ती खोट पुढे भरून निघत नाही.

मेंढी एका वेळी एकच मारा (प्रत्येकीत १०० अन्न). मारलेली मेंढी पडून राहिली की अन्न सडत जातं. त्या टाउन सेंटरच्या भिंतीला लागूनच कापायच्या, म्हणजे हेलपाटे वाचतात. मेंढ्या संपत आल्या की रानडुक्कर. त्यात ३४० अन्न असतं, पण साधा गावकरी २५ जीवाचा, डुक्कर त्याला लोळवतं. ५० सोनं घालून लूम ही सुधारणा केली की १५ जीव वाढतो. एका गावकऱ्याने दोन बाण मारून उलटं पळायचं, डुक्कर पाठलाग करत टाउन सेंटरपाशी आलं की मेंढीवरच्या सगळ्यांनी मिळून त्याला पाडायचं. एकच बाण मारलात तर ते कधी कधी अर्ध्या वाटेतून माघारी फिरतं.

इथली हमखास चूक म्हणजे घाबरून गावकरी टाउन सेंटरमध्ये लपवणं. आतून बाण सुटतात, डुक्कर मरतं, आणि त्यातून अन्न शून्य. इमारतीने मारलेलं जनावर खाता येत नाही. पळणाऱ्याला क्षणभर आत घेणं वेगळं, पण शेवटचा घाव गावकऱ्याचाच हवा.

फ्यूडल या पुढच्या युगात जायला ५०० अन्न लागतं आणि टाउन सेंटर १३० सेकंद अडकून पडतं. त्या वेळात गावकरी निघत नाहीत, तेव्हा लाकडावर माणसं वाढवून घ्या. पुढची शेतं लाकडावरच उभी राहायची आहेत.

* * *

माइनस्वीपर कुणी लिहिला नाही म्हणून. एक्सपर्ट पट १६ गुणिले ३०, सुरुंग ९९; पाच घरांमागे एकाहून किंचित जास्त. घरातला आकडा म्हणजे त्याला लागून किती सुरुंग ते. सरळ भिंतीला १-२-१ दिसलं तर सुरुंग दोन्ही एकांसमोर, मधलं घर मोकळं. १-२-२-१ असेल तर उलट, सुरुंग दोन्ही दोनांसमोर. कोपऱ्यात निखळ फिफ्टी-फिफ्टी अडकली आणि बाहेरून कुठलीच नवी माहिती येणार नसेल, तर ती शेवटी ठेवू नका, लगेच उघडा. हरायचंच असेल तर दहाव्या सेकंदाला हरा, दोनशेव्याला कशाला? अपवाद एकच: शेवटी उरलेल्या सुरुंगांचा आकडा कधी कधी कोडं सोडवतो, तशी शक्यता दिसली तर थांबा.

* * *

आउटर वाइल्ड्स, २०१९, यानातून ग्रह धुंडाळायचा गेम. थोडा फुटतो, सांभाळून वाचा.

२२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. हत्यार वाढत नाही, जीव वाढत नाही. बरोबर येतं ते फक्त तुम्हाला काय कळलं ते. यानाच्या नोंदवहीत ते टिकून राहतं. म्हणून अडलात की उडत सुटू नका, आधी नोंदवही उघडा, कुठे अजून काही राहिलंय ते तीच सांगते. मरणाचे तीन बावळट प्रकार: स्पेससूट न घालता यानाबाहेर पाय टाकणं, मध्ये सूर्य असताना ऑटोपायलट लावणं (तो सरळ रेषेत नेतो, वाटेतल्या सूर्याचं त्याला काही पडलेलं नाही), आणि उतरताना वेग न जुळवणं. काळ्या काटेरी ग्रहातले अजस्र मासे आंधळे आहेत, ते इंजिनाचा आवाज ऐकतात. आत शिरण्याआधीच दिशा धरा, मग बोट बटणावरून काढा आणि नुसते तरंगत जा. हात शिवशिवतात, हीच गोम आहे.

* * *

डार्क सोल्स (२०११) कठीण आहे म्हणतात त्यातल्या निम्म्यांनी वजन पाहिलेलं नसतं. अंगावरचं ओझं क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर घाव चुकवायची लोळण चपळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे पोतं पडल्यासारखी. सगळ्यात जाड चिलखत घालून मग ‘चुकवता येत नाही’ म्हणायचं, याला काय अर्थ? शिवाय मागे लोळू नका. घाव येतोय त्याच दिशेला, शत्रूच्या बगलेत लोळा. पहिल्या मोठ्या शेकोटीपाशी स्मशानातले सांगाडे भेटतात आणि दोन फटक्यांत आडवं करतात. तो रस्ता पुढचा आहे. चढावरच्या पायऱ्या धरा.

* * *

पेपर्स, प्लीज (२०१३) : सीमेवरचा कागद तपासणारा कारकून. माणसामागे ५ क्रेडिट मिळतात, दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. म्हणजे रोज दोन चुका फुकट. त्या निष्काळजीपणात घालवायच्या की कुणाला मुद्दाम आत सोडण्यासाठी राखायच्या, हा खरा खेळ. तपासणीचा क्रम ठरवून घ्या (मुदत, शहर, लिंग, फोटो, शिक्का) आणि तो मोडू नका. समोरच्याची कहाणी ऐकता ऐकता क्रम मोडतो आणि मुदत संपलेला पासपोर्ट निसटतो.

* * *

प्रिन्सबद्दल एक राहिलं. आठव्या लेव्हलला बाहेरचं दार उघडून परत यावं तर मधलं फाटक बंद, आणि तुमच्या बाजूला पाय दिला की फाटक उघडणारी फरशीच नाही. गेम बिघडला समजून लोक लेव्हल पुन्हा सुरू करतात. काही दाबू नका, फाटकापाशी उभे राहा. पलीकडून पांढरा उंदीर येतो, फरशीवर चढतो, फाटक वर जातं. घड्याळ तेवढा वेळ चालूच असतं.