ऑस्ट्रेलिया: सायकॉलॉजिस्ट म्हणून जनरल रजिस्ट्रेशन आहे, क्लिनिकल मास्टर्सला प्रवेश कसा मिळवायचा?

यारा_काठ:
मेलबर्न, पीआर (कायम निवासी). सायकॉलॉजीत ऑनर्स २०११, नंतर ४+२ मार्गाने (चार वर्षं शिक्षण, दोन वर्षं देखरेखीखाली काम) जनरल रजिस्ट्रेशन. आता क्लिनिकल एंडोर्समेंट, म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवण्याची मान्यता हवीय. अनुभवाची सूट मिळते की पूर्ण दोन वर्षं करावी लागतात? चौथ्या वर्षाची पदवी दहा वर्षांपेक्षा जुनी असली की अर्ज बाद होतो, हे खरं का? फीचं काय?

दुपारची_सावली:
सूट मिळते, पण सगळीकडे नाही. काही विद्यापीठांत रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्टसाठी छोटा अभ्यासक्रम असतो, पूर्णवेळ केला तर वर्षभराच्या आसपास. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये प्लेसमेंटचे (देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे) किमान १००० तास असतात. त्यातले पहिले ३०० सामान्य प्रॅक्टिसच्या पातळीचे, आणि सूट मिळते ती मुख्यतः याच टप्प्याची. क्लिनिकलचा भाग कितीही अनुभव असला तरी करावाच लागतो.

अर्जाआधी अपॅकच्या (सायकॉलॉजीच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) यादीत कोर्सचं नेमकं नाव आणि कॅम्पस पाहून घ्या. नावात ‘क्लिनिकल’ असूनही एंडोर्समेंटला न चालणारे कोर्स असतात आणि पैसे भरल्यावर हे कळलं तर फार मनस्ताप होतो. सायकॉलॉजी बोर्डाला (रजिस्ट्रेशन आणि एंडोर्समेंट देणारं मंडळ) तो चालेल का, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या.

दहा वर्षांची अट बऱ्याच ठिकाणी आहे, पण चालू रजिस्ट्रेशन असेल तर ती बहुधा लावत नाहीत. ऑनर्सची श्रेणी मात्र बघतात, बहुतेक ठिकाणी एच२ए (दुसऱ्या श्रेणीतला वरचा गट) तरी लागते.

कोकणकडा:
अर्ज अडतो तो रेफरीपाशी, म्हणजे संदर्भपत्र देणाऱ्यापाशी. बहुतेक ठिकाणी एक शैक्षणिक आणि एक व्यावसायिक रेफरी लागतो. २०११चे प्राध्यापक आता तुमच्याबद्दल काय लिहिणार? दोन्ही व्यावसायिक चालतील का, हे कोर्स कोऑर्डिनेटरला आत्ताच विचारा. बरीच विद्यापीठं संदर्भपत्रं एका सामायिक ऑनलाइन फॉर्मवर घेतात. त्यात रेफरीला तुमची प्रत्येक क्षमता वेगळी तोलावी लागते, म्हणून तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला सुपरवायझरच द्या.

सीव्हीत ‘नैराश्य व चिंतेसाठी सीबीटी’ (विचार-वर्तन उपचार) एवढं लिहून भागत नाही. कोणत्या वयाचे क्लायंट, कोणत्या चाचण्या (वेस, विस्क, पीएआय), त्यातल्या किती स्वतः घेऊन अहवाल लिहिले, सुपरव्हिजन किती आणि कोणाची, असं लिहा. खासगी प्रॅक्टिसमधल्यांचं असेसमेंट हमखास कच्चं राहतं आणि मुलाखतीतही तेच विचारतात. केस मांडताना निदानावर थांबू नका. त्रास कशातून सुरू झाला आणि कशामुळे टिकून राहिलाय, हे सांगता आलं पाहिजे.

निळी_शाई:
फीबद्दल, कारण यात आपल्या लोकांची फार गल्लत होते. पीआर असाल तर सरकारी अनुदानाच्या जागेला पात्र असता, पण हेल्प कर्ज (सरकारी शैक्षणिक कर्ज) मिळत नाही (ह्युमॅनिटेरियन व्हिसा असेल तर गोष्ट वेगळी). म्हणजे जागा कुठलीही असो, पैसे रोख भरायचे. नागरिकत्वाचा अर्ज करायचाच असेल तर आधी तारखा जुळवून पाहा.

दुसरं, नोकरी. स्वतःच्या कामाच्या ठिकाणी प्लेसमेंट धरता येईल या हिशेबावर घर चालवायचं ठरवू नका. परवानगी मिळाली तरी काम वेगळं लागतं आणि सुपरवायझर क्लिनिकल एंडोर्समेंट असलेला लागतो.

दुपारची_सावली:
निळी_शाईंना दुजोरा. आणि एक राहिलं. पदवी हातात आली म्हणजे एंडोर्समेंट मिळालं असं नाही. मास्टर्सनंतर रजिस्ट्रार प्रोग्रॅम (देखरेखीखाली काम करण्याचा टप्पा) असतो: पूर्णवेळ दोन वर्षं, प्रॅक्टिसचे ३००० तास, सुपरव्हिजनचे ८०, सीपीडीचे (व्यावसायिक प्रशिक्षणाचे) ८०. मुख्य सुपरवायझर बोर्डमान्य हवा आणि त्याच्या एंडोर्समेंटला किमान दोन वर्षं झालेली हवीत. बोर्डाच्या मंजुरीआधी केलेले तास धरत नाहीत, म्हणून सुपरवायझर शेवटच्या सत्रातच ठरवा.

तोवर कार्डावर, वेबसाइटवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहायचं नाही, कायद्याने त्याला मनाई आहे. मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विमा) बिलावरचा सेशनचा कोडही ८०११०च राहतो. एंडोर्समेंटनंतर ८००१०, त्यात क्लायंटला दर सेशनमागे मिळणारा परतावा ८०११०पेक्षा ४० डॉलरहून अधिकने जास्त असतो.

यारा_काठ:
खूप आभार. कोऑर्डिनेटरला रेफरी आणि कोर्सची मान्यता, दोन्हींबद्दल आजच लिहिते. सुपरवायझर दुसऱ्या शहरातला, व्हिडिओवर भेटणारा चालतो का?

निळी_शाई:
रजिस्ट्रार टप्प्यात बोर्डाच्या नियमांत राहून चालतो. प्लेसमेंटचं विद्यापीठ ठरवतं, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.