स्काडा विभाग माहिती तंत्रज्ञान विभागात विलीन करावा का?

वितरण_नियोजन (प्रश्न)

आमच्या वीजवितरण कंपनीत संगणकांच्या दोन व्यवस्था आजवर वेगवेगळ्या चालत आल्या आहेत. देयके, ग्राहकांच्या तक्रारी, जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) नकाशे आणि स्मार्ट मीटरच्या नोंदी माहिती तंत्रज्ञान विभाग सांभाळतो. स्काडा (वीजजाळ्यावर दुरून देखरेख आणि नियंत्रण ठेवणारी प्रणाली), उपकेंद्रांतील आरटीयू (स्काडाला मोजमापे पाठवणारी आणि तिच्या आज्ञा पाळणारी उपकरणे), संरक्षण रिले (दोष ओळखून वीज तोडण्याची आज्ञा देणारी उपकरणे) आणि त्यांना जोडणारे दळणवळणाचे जाळे परिचालन विभागाकडे आहे. छतांवरील सौरनिर्मिती वाढल्यामुळे काही फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांवर) दुपारी वीज उलट दिशेने वाहते, आणि लघुदाब जाळ्यात काय चालले आहे हे मीटरच्या नोंदी हाती आल्याशिवाय नियंत्रण कक्षाला कळत नाही. त्यामुळे दोन्ही व्यवस्था एकत्र कराव्यात, असा व्यवस्थापनाचा प्रस्ताव असून त्यात संगणकांचे एकच जाळे, एकच विभाग आणि एकच सुरक्षा धोरण अपेक्षित आहे. हा मार्ग योग्य आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी?

नियंत्रणकक्ष_अभियंता

माहिती एकत्र आणणे अपरिहार्य आहे. जाळे एक करणे मात्र अनावश्यक आणि धोक्याचे आहे, आणि प्रस्तावात या दोन गोष्टी एकच मानलेल्या दिसतात. कार्यालयीन प्रणालीत संशयास्पद हालचाल दिसली की तो संगणक जाळ्यापासून तोडणे हा योग्य उपाय असतो. संरक्षण रिलेच्या बाबतीत तोच उपाय केला, तर दोषाच्या क्षणी ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा स्विच) न उघडण्याची शक्यता आपणच निर्माण करतो. आयईसी 61850 या उपकेंद्रांतील दळणवळणाच्या मानकानुसार चालणाऱ्या उपकेंद्रात ट्रिपचा, म्हणजे ब्रेकर उघडण्याचा, गूस संदेश (उपकरणांमधील जलद संदेश) सर्वांत कडक वर्गात 3 मिलिसेकंदांत पोहोचावा लागतो. कार्यालयात सर्रास वापरले जाणारे स्कॅनिंगचे साधन जुन्या आरटीयूवर चालवले, तर तो गोठून जाऊ शकतो. सर्व्हर चार-पाच वर्षांत बदलला जातो, तर रिले पंधरा-वीस वर्षे सेवेत राहतो. म्हणून एकाच धोरणाच्या चौकटीत दोन्ही बसवता येणार नाहीत.

माझा खरा आग्रह मात्र जबाबदारीच्या मुद्द्यावर आहे. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी ओहायोतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील अलार्म प्रणाली सव्वादोनच्या सुमारास बंद पडली होती. सर्व्हर बंद पडल्याचे स्वयंचलित संदेश संगणक विभागाला मिळाले आणि त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरूही केला. परंतु अलार्म पूर्ववत झाले की नाही, याची खातरजमा त्यांनी नियंत्रण कक्षाकडून करून घेतली नाही, असे दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी अहवालात नोंदवलेले आहे. पडद्यावर अलार्म येत नाही म्हणजे सर्व सुरळीत आहे, असे ऑपरेटर समजत राहिले, आणि तेवढ्या वेळात 345 केव्हीच्या वाहिन्या झाडांना लागून एकामागून एक बंद पडत गेल्या. सर्व्हर चालू असणे आणि नियंत्रण कक्षाला जाळे दिसत असणे या भिन्न गोष्टी आहेत. तुमच्याकडे विभाग एक होवोत अथवा वेगळे राहोत, प्रणालीत काहीही बिघडले किंवा बदलले तर कोणी, कोणाला आणि किती वेळात कळवायचे, हे आधी लेखी ठरवा.

जीआयएस_विदा

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु या प्रकल्पांतील बहुतेक श्रम ज्या कामावर खर्च होतात त्याचा उल्लेख अद्याप झालेला नाही. जीआयएसमधील नकाशा मुख्यतः मालमत्तेची नोंद म्हणून तयार झालेला असतो. खांब आणि रोहित्र कोठे आहे, एवढे त्यात बरोबर असले की लेखा विभागाचे काम भागते. नियंत्रण कक्षाच्या वितरण व्यवस्थापन प्रणालीला मात्र कोणता मीटर कोणत्या रोहित्राच्या कोणत्या फेजवर आहे आणि कोणता स्विच एरवी उघडा ठेवला जातो, याची अचूक जोडणी लागते. वादळानंतर एखादा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) हलवला जातो, भार दुसऱ्या फेजवर घेतला जातो, आणि ती नोंद कित्येकदा नकाशापर्यंत पोहोचतच नाही.

अशा स्थितीत स्मार्ट मीटर जोडले, तर वीज जाताना ते पाठवत असलेला शेवटचा संदेश चुकीच्या रोहित्राच्या नावावर जमा होतो आणि दुरुस्ती पथक भलत्याच ठिकाणी जाते. याहून गंभीर म्हणजे, जाळ्याची जी शाखा पडद्यावर मृत दिसते ती प्रत्यक्षात जिवंत असू शकते, आणि तेथे लाइनमन काम करत असतो. म्हणून सुरुवात या नकाशाच्या शुद्धीकरणापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी प्रत्येक घरी जाण्याची गरज नसते: एकाच रोहित्रावरील मीटरच्या व्होल्टेजमधील चढउतार परस्परांशी बऱ्याच अंशी जुळतात, त्यामुळे काही आठवड्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या की चुकीच्या जोडण्या उघड होतात आणि संशयित ठिकाणेच तपासावी लागतात. दोन प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी आयईसी 61970 आणि 61968 या मानकांमधील सामाईक माहिती प्रतिमान वापरावे. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र दुवा लिहीत गेल्यास पुढे कोणताही बदल करणे कठीण होते.

सायबर_संरक्षण

विभाग वेगळे ठेवण्यातील धोकाही नोंदवला पाहिजे. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे 2,25,000 ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोर आधी फसव्या ईमेलद्वारे कार्यालयीन जाळ्यात शिरले, तेथे अनेक महिने राहिले, व्हीपीएनचे (दुरून जाळ्यात शिरण्याच्या सुरक्षित वाटेचे) पासवर्ड मिळवून स्काडापर्यंत पोहोचले आणि ऑपरेटरच्याच पडद्यांवरून त्यांनी ब्रेकर उघडले. त्यांच्या वावराच्या खुणा माहिती तंत्रज्ञानाच्या बाजूला होत्या आणि परिणाम परिचालनाच्या बाजूला झाला. दोन्हीकडच्या नोंदी एकत्रितपणे पाहणारा गट नसेल, तर असा मागोवा लागत नाही. त्यामुळे जाळी वेगळी ठेवावीत, परंतु निगराणी संयुक्त असावी.

दोन्ही जाळ्यांच्या मध्ये स्वतंत्र मधला विभाग ठेवून स्काडाच्या नोंदींची प्रत तेथे पाठवावी आणि कार्यालयीन प्रणालींनी ती प्रतच वाचावी. उलट दिशेने कोणतीही जोडणी थेट आत जाऊ देऊ नये, आणि दुरून देखभाल करणाऱ्या पुरवठादारालाही दुहेरी पडताळणीविना प्रवेश असू नये. उपकरणांशी संवाद साधण्याचा मॉडबस हा प्रोटोकॉल 1979 मधील आहे. त्यात किंवा आयईसी 104 या तशाच प्रोटोकॉलच्या मूळ स्वरूपात आज्ञा कोणाकडून आली हे पडताळण्याची सोयच नाही, म्हणून जाळ्यात शिरलेल्याची आज्ञा उपकरण मुकाट्याने पाळते. युक्रेनमध्ये उपकेंद्रांतील दळणवळण उपकरणांचे फर्मवेअरही (त्यांच्या आतील मूळ सॉफ्टवेअरही) नष्ट केले गेले होते. तरीही कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर लावल्यामुळे पुरवठा काही तासांत पूर्ववत झाला. ते कौशल्य आणि ते मनुष्यबळ स्वयंचलनाच्या नावाखाली कमी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वितरण_नियोजन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. सर्व सर्व्हरवर, स्काडासह, पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटींच्या दुरुस्त्या) ठरावीक मुदतीत बसवलेच पाहिजेत, असा माहिती तंत्रज्ञान विभागाचा आग्रह आहे. अंतिम निर्णय कोणाचा असावा?

नियंत्रणकक्ष_अभियंता

उत्तर अमेरिकेतील वीजजाळ्याची विश्वासार्हता पाहणाऱ्या एनईआरसी संस्थेच्या सीआयपी-007 या सायबर सुरक्षा मानकात 35 दिवसांची मुदत आहे, परंतु ती पॅच बसवण्याची नसून उपलब्ध पॅच आपल्याला लागू आहे का हे तपासण्याची आहे. त्यानंतर पुढील 35 दिवसांत तो बसवायचा किंवा त्याऐवजी धोका कसा रोखणार याची दिनांकित योजना करायची असते. हीच विभागणी तुम्हीही स्वीकारावी. पॅच आवश्यक आहे की नाही हे माहिती तंत्रज्ञान विभागाने ठरवावे, आणि तो केव्हा बसवायचा हे नियंत्रण कक्षाच्या पाळीप्रमुखाने ठरवावे. प्रथम चाचणी प्रणालीवर, मग राखीव सर्व्हरवर बसवून भार त्यावर घ्यावा आणि काही दिवस निर्धोक गेल्यावरच मुख्य सर्व्हरला हात लावावा. काम संपल्यावर एक चाचणी अलार्म मुद्दाम पाठवून तो ऑपरेटरला दिसल्याची नोंद त्याच्याच स्वाक्षरीने घ्यावी.